मधोमध मोडलेलं हाड

"न्हाणीत पाय सरकला तिचा," नवरा म्हणाला.

विचारलं होतं मी सुनंदाला. उत्तर त्याने दिलं.

दिग्रसच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. फोटो काढायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचा, एवढंच काम. सुनंदाचा डावा हात सुजला होता. स्क्रीनवर फोटो आला. पडताना माणूस तळहात टेकतो, म्हणून बहुतेकदा मोडतं ते मनगटाजवळ. हिचं कोपर-मनगटामधलं, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं होतं. काठी अडवायला हात वर केला की असं मोडतं. त्याच हाडावर जुन्या मोडीची गाठही होती.

कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकलं. गेल्या वर्षीचा फोटो मीच काढलेला. कारण: पडून. तेव्हाही नवऱ्यानेच सांगितलं असणार आणि मी मुकाट टाइप केलं असणार. स्वतःचाच राग आला.

काचेआडून, हळू आवाजात डॉक्टरांना फोन लावला. "सर, ही पडलेली वाटत नाही."

"तिने सांगितल्याशिवाय मी काय लिहू? विचारा तिला. एकटीला."

फोटो झाल्याबरोबर नवरा आत येऊन उभा होता. "पाळीची तारीख लिहायची राहिली," मी खोटंच म्हटलं. पोटात बाळ असेल तर जपावं लागतं, म्हणून आम्ही हे विचारतोच. पाळी म्हटल्याबरोबर गडी बाहेर.

"खरं सांग ताई, काठी होती ना?"

तिने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, आमचं गाव धरणात गेलं. पहिले भाऊ शेजारीच राहे, तं हा भीत जाय. आता भावाले प्लॉट भेटला पुसदच्या पलीकडं. इथं कोण हाय माहं?"

"फोन कर त्याला."

"माहा मोबाइल हाच ठेवते आपल्यापाशी. पण नंबर पाठ हाय मले."

माझ्या फोनवरून लावला. "दादा, मले घेऊन जा," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मलाही आवरेना.

सरांपुढे तिने स्वतःच काठीचं सांगितलं; त्यांनी कागदावर मारहाण लिहिलं, पोलिसांना कळवलं. प्लास्टर वाळेपर्यंत पेशंट हलणार नाही, असं नवऱ्याला दरडावलं. दुपारी भाऊ आला आणि तिला घेऊन गेला.

हाड जुळलं, पण पंजा पुरता उताणा होत नाही. भावाच्या घरी कपडे पिळणं आता वहिनीकडे.

कामावर येणाऱ्या नव्या मुलींना मी एवढंच शिकवते: हात मोडलेल्या बाईला तोंड असतं. हात कशाने मोडला ते तिलाच विचारा.