उभ्याने केलेली नोकरी

माझ्या वडिलांनी माझ्या मॅनेजरला भर मीटिंगमध्ये झापलं, याला कारण एक टेबल आहे.

आम्ही मुळशीतल्या घोटावड्यात भाड्याने राहतो. माझी नोकरी आयटीतली, बहुतेक दिवस घरूनच काम. बसून बसून कंबर इतकी धरली की सँडलचा पट्टा लावायला बायकोला, सारिकाला, हाक मारावी लागायची. डॉक्टर म्हणाले, बसणं कमी करा. म्हणून मी बटणावर वर-खाली होणारं टेबल मागवलं. जुनं टेबल घरमालकीण काकूंना देऊन टाकलं. त्यांनी त्याच दुपारी ते गोठ्यात नेऊन त्यावर पेंडीची पोती रचली.

नवं टेबल जोडण्यात अख्खा रविवार गेला. सारिकाने माहितीपत्रक वाचायचं आणि मी जोडायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात मी जोडत होतो आणि ती "उलटं लावलंयस" एवढंच म्हणत होती. (ते उलटंच लागलं होतं, पण सांगायची काही पद्धत असते.) संध्याकाळी बटण दाबलं. टेबल घुंऽऽ करत छातीपर्यंत वर आलं आणि तिथेच अडकलं. काही केल्या खाली येईना. हेल्पलाइनला फोन केला, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या की मुळशीकडे आमचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल. तोवर मी काय करू, असं विचारलं.

"सर, तोवर उभं राहून वापरा."

मला याचा अजून संताप येतो. मला बसणं कमी करायचं होतं, बंद करायचं नव्हतं!

खोलीतला एकमेव चालू प्लग खिडकीजवळ, त्यामुळे टेबलही खिडकीतच. डेअरीला दूध घालायला निघालेल्या बायकांना मी सकाळी उभा दिसायचो आणि संध्याकाळी परत येतानाही उभाच. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता, मयताच्या घरासमोरून जावं तशा गेल्या. तिसऱ्या दिवशी काकू ताकाचा तांब्या घेऊन खिडकीशी आल्या.

"सायेब, कालपास्नं इचारू का नको करतीय. कामात काय चुकलं का हो तुमचं?"

"नाही काकू, मी मुद्दाम उभा राहतो."

"व्हय, व्हय. मुद्दामच म्हनायचं."

मग त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणून खिडकीबाहेर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "घटकाभर टेका हितं. तुमच्या सायबाला न्हाई कळायचं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी माझ्या आईला फोन केला. (दिवाळीला आई आली होती, तेव्हापासून दोघींचं लोणच्यावरून मेतकूट आहे.) काकू काय बोलल्या कोण जाणे, बार्शीला आई-बाबांच्या घरी बातमी पोचली ती अशी, की कंपनीने मुलाला शिक्षा केली आहे आणि तो जेवतोसुद्धा उभ्याने. यातलं जेवणाचं खरं होतं.

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते फोनवर चौकशी करत नाहीत, थेट येतात. दुसऱ्या दिवशी क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग चालू असताना ते पिशवीसह दारात उभे. मी हाताने 'थांबा' म्हणून खुणावलं. आपल्या मुलाला बोलायचीही परवानगी नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. नेमके तेव्हाच मॅनेजर म्हणाले की आज हा विषय संपेपर्यंत कुणाला सोडणार नाही.

बाबांनी पिशवी खाली ठेवली, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि शुद्धलेखन सांगावं तशा संथ, स्वच्छ इंग्रजीत सुरुवात केली. मीही मुलांना उभं केलं आहे, पण एका तासापेक्षा जास्त कधी नाही. संसारी माणसाला गावासमोर दिवसचे दिवस उभं करणं प्रतिष्ठित कंपनीला शोभत नाही. मुलाचं काम चुकत असेल तर पालकांना चिठ्ठी पाठवावी.

माइक बंद करायला मी हात पुढे केला, तर बाबा मराठीत म्हणाले, "तू बस खाली."

मी बसलो. खोलीत बसायला पलंगच होता, तिथे त्यांच्या पाठीमागे बसलो. मग बाबांनी क्लायंटला विचारलं, की याचं नेमकं कुठे अडतंय? क्लायंटनेही सांगितलं! बाबा त्यांचा प्रश्न सोपा करून मला विचारत, मी पलंगावरून उत्तर देई आणि ते त्यातले निरर्थक शब्द गाळून पुढे सांगत. महिनाभर रखडलेला विषय चहा व्हायच्या आत संपला. क्लायंट गेल्यावर मी खरा प्रकार सांगितला, तेव्हा बाबांनी मॅनेजरची रीतसर माफी मागितली. माझी नाही.

टेबलवाला माणूस सवडीने आला आणि टेबल दुरुस्त करून गेला. त्यानंतर क्लायंटची मेल आली. या मीटिंगमध्ये प्रथमच सगळं नीट समजलं, असं लिहून त्यांनी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना यापुढे प्रत्येक मीटिंगला घेण्याची विनंती केली होती. मी या टीमचा लीड आहे, हे इथे मुद्दाम नमूद करतो. माझ्याबद्दल मेलमध्ये शेवटी एकच ओळ होती: मागे पलंगावर बसलेल्या त्यांच्या मदतनिसाने जरा मोठ्याने बोलावं.