ओसरीखालचा खडक

अर्जदार: गुनवोर हेल्लेसे, वय त्रेसष्ट, निवृत्त पोस्टवाली. काम: मागची लाकडी ओसरी पाडून, पाया खणून, तळमजल्यावर झोपण्याची एक खोली. यंत्रसामग्री: पहार, कुदळ, ढकलगाडी. पूर्वानुभव: कोंबड्यांचं खुराडं. जमिनीतील अडथळे: नाहीत.

शेवटचा रकाना तिने विशेष आत्मविश्वासाने भरला होता.

नवरा, आर्नफिन, खुब्याच्या ऑपरेशनपासून सात महिने बैठकीतल्या कोचावर झोपत होता. जिना झेपत नव्हता. तो तक्रार करत नसे, आणि तेच तिला बघवत नसे. ऑक्टोबर संपला की जमीन गोठते. त्याच्या आत पाया झाला नाही, तर आणखी एक हिवाळा कोच ठरलेला.

ओसरी दोन दिवसांत उतरवली. शेवटच्या फळ्या उचलल्या, तर खाली झोपलेल्या मेंढीएवढा खडक, नेमका पलंगाच्या जागी.

शेजारचा सिग्वार्ट कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. "तुला काय वाटलं, माझ्या बापाने हे घर बांधताना ओसरी तीन पायऱ्या उंच ठेवली ती चैन म्हणून?"

"तीस वर्षांत बोलला नाहीस!"

"तू विचारलंस कुठे?"

तिने चार दिवस घण घातले. पावाएवढा तुकडा निघाला. पाचव्या दिवशी रविवार. रविवारी ठोकाठोक केली तर गल्ली वर्षभर बोलत नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी. ती खडकावर बसून राहिली. आर्नफिन कुबड्या टेकत आला आणि शेजारी बसला. मग उठला. पुन्हा बसला.

"कोचावरून उठताना जीव जातो माझा," तो म्हणाला. "ही उंची बरोबर आहे. हा राहू दे इथेच, पलंग सरकव की पलीकडच्या भिंतीला."

"आणि बाकीचं खणणं? पंधरा दिवस उरलेत."

"लोकांना बोलाव. दुग्नाद कर."

फुकट राबायला गल्ली बोलावणं म्हणजे आपल्याला जमत नाही हे वेशीवर टांगणं, असं गुनवोरचं जुनं मत. तरी तिने दुपारी नऊ दारं वाजवली. शनिवारी नऊ जण आपापली फावडी घेऊन आले, गप्प खणत राहिले आणि सत्तर वॉफल खाऊन गेले. सिग्वार्टने एकट्याने अकरा खाल्ले. अठ्ठावीस ऑक्टोबरला पाया भरला, नाताळाआधी छत चढलं.

पूर्णत्वाच्या कागदावर, जमिनीतील अडथळे या रकान्यात, तिने पुन्हा 'नाहीत' असं लिहिलं.

आर्नफिन रोज सकाळी त्या खडकावर बसून मोजे घालतो.