दुसऱ्या भागात दिवा धरणारा नाही

"बेकार आहे बाबा. कायले घेता?" मुलगा हैदराबादहून फोनवर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. खेळाचा दुसरा भाग बेकार निघाला याचा राग नव्हता. यानं तो तिथल्या मित्राकडं माझ्याशिवाय खेळून पाहिला, याचा राग आला. तसं बोललो मात्र नाही. "बरं बरं, नाही घेत," म्हणून फोन ठेवला आणि एकटाच टीव्हीसमोर चरफडत बसलो.

माझ्यासारख्या म्हाताऱ्याला व्हिडिओ गेमचं काय पडलंय, असं कुणालाही वाटेल. अर्जुनी मोरगावात माझी धानाची खरेदी आहे. पोती, काटा, हमाल, दिवसभर धूळ, यात जन्म गेला. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा इंजिनिअर झाला आणि घरी येऊन बसला, कारण नोकरी लागेना. तो दिवसभर खोलीत पडून राहायचा. मी घरात आलो की मान खाली घालायचा. काय बोलावं मला सुचायचं नाही आणि जे सुचायचं ते बोलण्यासारखं नसायचं. एकदा संध्याकाळी त्यानं न बोलता टीव्हीवरच्या खेळाचा दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. "बाबा, दोघं लागतात याला."

खेळात एक डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात भुयारं. दोन माणसं आत अडकलेली. एकाच्या हातात कुदळ, दुसऱ्याच्या हातात दिवा. कुदळवाला मुलगा, दिवेवाला मी. दिवा जवळ नसेल तर कुदळवाल्याला काही दिसायचं नाही. तो ओरडायचा, "बाबा, दिवा! दिवा इकडं!" मी म्हणायचो, "अरे धरून तर राहिलो ना बाप्पा, तूच कुठं धावत सुटला!" कितीदा दोघंही खड्ड्यात पडलो. पण रोज संध्याकाळी आम्ही एका सोफ्यावर बसायला लागलो. नोकरीचा विषय निघायचा नाही आणि घरात आवाज असायचा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्या, खोटं कशाला बोलू.

मग त्याला नोकरी लागली. टीव्हीला जोडलेला खेळाचा डबा तो इथंच ठेवून गेला. दिवाळीनंतर आमच्या गावाची मंडई असते, म्हणजे जत्रा, पाहुणे, रात्रभर नाटक. आमच्या भागात गावोगावी तिचे दिवस ठरलेले असतात आणि बाहेर गेलेली पोरं त्या दिवशी घरी येतातच. माझाही यायचा. पाहुणे मंडईत गेले की आम्ही दोघं तेच भुयार पुन्हा पहिल्यापासून खणायचो. रस्ता पाठ झालेला, तरी तो ओरडायचा, "बाबा, दिवा!"

म्हणून दुसरा भाग आला म्हटल्यावर माझ्या मनात काय काय आलं असेल ते सांगायला नको. आणि हा म्हणतो, बेकार आहे!

मी रेल्वेनं गोंदियाला गेलो. दुकानातला पोरगा माझ्याकडं पाहून हसला. "अंकल, इसमें टू प्लेयर नहीं है. अकेले खेलना पड़ता है." मी म्हटलं, असं कसं, दिवा कोण धरतो? त्यानं डिस्कच्या खोक्यावरचं चित्र दाखवलं. कुदळवाला होता तसाच होता. फक्त दिवा त्याच्या कपाळाला पट्ट्यानं बांधला होता.

घ्या! कंपनीनं एक पट्टा आणला आणि माझी नोकरी गेली. हसू आलं मला. मग गाडीत बसल्यावर हसू गेलं आणि फार वाईट वाटलं. मुलगा 'बेकार' कशाला म्हणाला तेही तेव्हा कळलं. तरी डिस्क पिशवीत होतीच. घेऊ नये असं ठरवूनही मी ती घेतली होती.

आता खेळायचा का नाही? मी माझ्या धंद्याच्या रीतीनं गेलो. धान घेताना मी पोत्याच्या तोंडाशी कधी हात घालत नाही. चांगला माल वर आणि पोचट खाली, हे सगळेच करतात. मी तळातून मूठ काढतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो, मग बोलतो. तसंच इथं केलं. कुणीतरी पूर्ण खेळ खेळून मोबाईलवर व्हिडिओ टाकला होता. त्याचा शेवटच आधी पाहून घेतला. कुदळवाला एकटाच बाहेर येतो, उन्हात बसतो, संपलं. तळातला माल पोचट. फोन करून मुलाला तसं सांगितलं तर तो ओरडलाच.

"बाबा! शेवट आधी पाहिला? असं कोणी करते का?"

"मग काय तुझ्यासारखं वरचं पाहून पोतं उचलू?"

तो हसत सुटला. बऱ्याच महिन्यांनी त्याला असं हसताना ऐकलं. मग म्हणाला, "आता कायले खेळता? सगळं तर समजलं तुम्हाला." खरंच होतं. आमचा आठवड्याचा फोन म्हणजे जेवलास का, जेवलो, पाऊस आहे का, आहे, ठेवू का, ठेव. त्या दिवशी मात्र बोलणं लांबलं. फोन ठेवल्यावर घर पुन्हा चिडीचूप झालं. मी डिस्क टीव्हीखालच्या खेळाच्या डब्यात घातली.

खेळ खरंच टुकार होता. भिंती सारख्याच, रस्ते सारखेच, कुदळ मारली की कंटाळवाणा ठक ठक आवाज. पण एक गुण निघाला. त्यात माणूस अडकायचा फार. आणि अडकलं की फोन करता यायचा.

"अरे, पाण्याच्या टाकीपाशी अडकलो."

"डावीकडं शिडी आहे बाबा. नाही, माझी डावी नाही, त्या माणसाची डावी."

काही जमलं की टीव्हीच्या कोपऱ्यात मुलाचं नाव आणि एक लहानसा कप चमकायचा, टुंग असा आवाज व्हायचा. खातं त्याचंच होतं, म्हणून नाव त्याचं. मला वाटायचं, शोभेचं काहीतरी असेल.

हळूहळू माझा हात बसला. तरी मी अडकायचो. म्हणजे पुढं निघून गेलो तरी फोनवर मागच्याच पुलाशी अडकलेला असायचो. तो सांगायचा, मी "हो का, थांब, पाहतो" म्हणायचो आणि टीव्ही बंदच असायचा. एक दिवस खेळ संपला. कुदळवाला उन्हात जाऊन बसला, व्हिडिओत बसला होता तसाच. कोपऱ्यात मोठा कप चमकला. मी एकटाच होतो, टाळी कुणाला देणार? दुसऱ्या दिवशी फोन केला, "अरे, तो पूल काही जमून नाही राहिला."

यंदा मंडईला त्याला सुट्टी मिळाली नाही. सकाळपासून घरात पाहुणे, चहावर चहा. दुपारी सगळे मंडईत गेले. मला चला म्हणाले, मी पाय दुखतो म्हटलं. बाहेर भोंगे वाजत होते, फुगेवाल्यांच्या पिपाण्या ऐकू येत होत्या आणि मी सोफ्याच्या माझ्याच बाजूला बसलो होतो. दुसरी बाजू रिकामी. सहन होईना, फोन लावला.

"अरे, पुलापाशी..."

"बाबा, आज राहू द्या तो पूल," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तर दिवाळीच्या आधीच गेम संपवला."

"तुले कोनं सांगितलं?"

"ते कप माझ्या फोनवर येतात ना. तुम्हाला एक मिळाला का इकडं माझ्या खिशात टुंग वाजते. ऑफिसात बसल्या बसल्या समजते मला, बाबा घरी आले, चहा झाला, बसले."

"मग इतके दिवस रस्ता काऊन सांगून राहिला होता?"

"तुम्ही विचारत होते ना."

मग मी "जेवलास का?" विचारलं, तो "जेवलो" म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

मी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. पाण्याची टाकी आली, शिडी आली, पूल आला. टुंग काही वाजलं नाही. एकदा मिळालेला कप पुन्हा मिळत नाही, हे मला तेव्हा समजलं. म्हणजे तिकडंही खिसा मुकाच.

खेळातल्या कपांच्या यादीत पाहिलं तर काही कप अजून मिळायचे होते. सगळे अवघड, आडवाटेच्या भुयारांतले, कुणी जात नसेल अशा जागी. एक निवडला आणि खणायला लागलो. कितीदा मेलो ते मोजलं नाही. बाहेर मंडई रंगात आली होती. शेवटी भिंत पडली, आत एक रिकामी खोली निघाली आणि कोपऱ्यात त्याचं नाव चमकलं. टुंग.

मी रिमोट मांडीवर ठेवला. फोन वाजला नाही आणि वाजेल असंही मला वाटलं नव्हतं. त्याचा हात खिशाकडं गेला असेल, एवढा वेळ मी थांबलो. मग पुढचं भुयार खणायला घेतलं.