वहिनीचे डोळे आणि तीन मालक

माझी वहिनी चिपच्या कारखान्यात लागली तेव्हा नवी नवरी होती. मायक्रोस्कोपला डोळे लावून केसाहून बारीक सोन्याची तार चिपला जोडायची, हे तिचं काम. पुढे कंपनी दोनदा विकली गेली. दर वेळी फाटकावरची पाटी बदलली, नव्या रंगाचे कोट आले आणि बायका नव्याने कामाला लागल्याची सही करून त्याच खुर्चीवर बसल्या. वहिनी हसायची, "भावजी, नवरा एकच, मालक मात्र तिसरा!"

आता तिला समोरचा माणूसही धूसर दिसतो. उपचार कंपनीने करावेत म्हणून मी तिला साहेबाकडे नेलं. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, आमच्याकडे तुम्ही गेल्या वर्षीच लागलात. डोळे आधीच्या मालकाकडे बिघडले." आधीचा मालक त्याच्या आधीच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. आणि ती पहिली कंपनी तर केव्हाच मोडीत निघालेली.

युनियनच्या मोर्चात एवढ्या कारखान्यांची फाटकं हलवली मी, पण इथे भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तरी जिन्यात उभा राहून बोंबललो. वहिनीने माझी बाही धरली.

"ओरडू नका भावजी. पायरी कुठे आहे, तेवढं सांगा."