खोकणाऱ्या बाया

"खोकणाऱ्या बाया मांगं! निघा, निघा लवकर!"

मुकादम असा वरडत आला, जशी गोठ्यातली ढोरंच हाकलायची होती. खामगावच्या सरकी काढायच्या जिनात गेटाशी सरकारी जीप उभी होती. नवा महाराष्ट्र झाला तवाचं तोरण गेटावर अजून सुकून लटकत होतं. कारखाना तपासणारा साहेब आला होता. मुकादमानं माह्या मायले दंडाले धरून कापसाच्या गोदामात ढकललं. मी तिचा हात सोडला नाही, म्हणून मीही आत. आणखी चार-दोन बाया. बाहेरून कडी.

गोदामात छतापर्यंत कापूस. धूळ अशी की डोळे उघडवत नव्हते. खोकला लपवायले जागा शोधली ती ही!

माय अन् मी एकाच मशिनीवर कापूस घालत होतो. सरकी इकडं, रुई तिकडं, अन् धूळ आमच्या नाकातोंडात. रुई उडून जाते म्हणून खिडक्या बंद. धूळ बाहेर फेकणारा एक मोठा पंखा भिंतीत होता, तो फक्त साहेब आला की फिरे. काम सुटल्यावर मुकादम गुळाचा खडा देई. हात लागू नये म्हणून वरून पदरात टाके. आम्ही त्याच्या लेखी बाटवणारे लोक. गुळानं छाती साफ होते, असं जिनाचा मालक शेठ म्हणे. मायले ते खरंच वाटे. स्वतःचा खडा मले देई, "खाय बाई, तुही छाती कोवळी हाय."

बाजाराच्या दिवशी जीन बंद राहे. त्या दिवशी मायचा दम जरा मोकळा होई. दुसऱ्या दिवशी कामावर आली की छाती आणखीनच आवळे, वर पाटा ठेवल्यावानी. मुकादम म्हणे, "सुट्टी खाल्ली अन् लागली नाटकं कराले."

तर त्या गोदामात आम्ही कोंडलेल्या. बाहेर साहेबाचा आवाज आला, "कामगारांना छातीचा त्रास वगैरे?"

"छे छे साहेब! रोज गूळ देतो आम्ही. ठणठणीत आहेत सगळे." हा शेठ. मंग दोघायचं हसणं.

मायनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सारं आंग हलत होतं तिचं, आवाज नाही. डोळे बाहेर आले. ओठ काळेनिळे. माह्यं टाळकंच सरकलं. मी तो बोळा ओढून काढला.

"खोक, माय!"

तिनं मान हलवली. "काम जाईन बाई."

"जाऊ दे. खोक!"

ती खोकली. मंग साऱ्याच खोकल्या. मी पत्र्याच्या दरवाज्यावर लाथा घातल्या. जिंदगीत पहिल्यांदा एवढा आवाज केला मी.

कडी निघाली. साहेबानं आमच्याकडं पाह्यलं. पांढऱ्या भुरक्या बाया, केसाले रुई चिकटलेली, वाकून वाकून खोकणाऱ्या. शेठ हसला, "बिड्या ओढतात साहेब ह्या." माह्या मायनं जन्मात बिडी हाती धरली नव्हती! साहेबानं नाकाले रुमाल लावला अन् चहा प्यायले हापिसात गेला. त्याले समजलं होतं. रुमाल लावणाऱ्याले समजत नाही काय?

संध्याकाळी मुकादमानं गूळ काढला. मी पदर पसरला नाही. खडा मातीत पडला.

"माजली काय वं?"

"हाव," मी म्हणलं. "माजली."

मायले सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईनं छाती तपासली, गुळाचं ऐकलं, अन् म्हणाली, "गूळ पोटात जातो, बाई. धूळ फुप्फुसात जाते. दोघांची गाठच पडत नाही." जुनं बसलेलं आता निघायचं नाही, म्हणाली. नवी धूळ आत जाऊ न देणं, एवढंच हाती आहे. मायची छाती सुधरणार नाही हेही तोंडावर सांगितलं. मी रडली नाही. संताप आला होता. लहान लेकरावानी गूळ देऊन भुलवलं आमाले या लोकायनं!

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाया जिनाच्या दारातच थांबलो. भ्या साऱ्यायलेच वाटत होतं. मलेही.

"चला आत," मुकादम.

"आदी खिडक्या उघडा. पंखा लावा. मंग येतो."

"रुई उडते!"

"उडू द्या."

"दुसऱ्या बाया आणीन."

"त्यायलेही सांगीन."

माय तवा घरी भिंतीले टेकून बसली होती. आडवी झाली की जीव घाबरा होई तिचा. तिची छाती शेठनं खाल्ली. माह्यी अजून धड होती. उपाशी मरीन, पण ती त्याले देणार नाही.