आधी थोरलीची आंघोळ

कट्टा गावाच्या आसपासच्या वाड्यांतली निम्मी माणसं हौसाबाईच्या पायांवर न्हालेली आहेत, आज मिशा पिळत फिरणारेसुद्धा. पस्तीस वर्षं ती घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणींना तेल लावते, न्हाऊ घालते आणि कुणी न विचारता सल्ले देते. बाई एका जागी स्वस्थ म्हणून बसायची नाही. एका घरी बाळाला धुरी देताना जीव पुढच्या घरच्या हंड्यापाशी. तिचा एक सल्ला ठरलेला होता: थोरलं पोर त्रास द्यायला लागलं की त्याला महिनाभर नातेवाइकांकडे धाडून द्या.

तुळसाच्या घरीही तिने तो देऊन टाकला. तुळसाच्या सुनेला, समीक्षाला, दुसऱ्या खेपेला मुलगा झाला आणि पाच वर्षांच्या थोरल्या शिवांगीने घर डोक्यावर घेतलं. बाळाच्या आंघोळीला न्हाणीचं दार लागलं की बाहेरून धडका सुरू. नजर लागेल, वारा लागेल म्हणून दार लावायची हौसाबाईच.

"चेडवाक नांदगावाक आत्येकडे धाड," ती तुळसाला म्हणाली होती. "म्हयन्यात सुतासारख्या सरळ येतला."

बाळाच्या दहाव्या दिवशी हौसाबाई आली तेव्हा ओटीवर शिवांगीची पिशवी भरून ठेवलेली होती. अकरा वाजता आत्या न्यायला येणार होती. आणि आत तेलाची वाटी गायब.

"तिचाच काम ह्या!" तुळसा कडाडली.

हौसाबाई चरफडत मागीलदारी गेली. फणसाखाली शिवांगी पाय पसरून बसली होती. अंगभर तेल, केसांतून तेल ओघळतंय, आणि जीभ दातांत धरून ती स्वतःचंच नाक चिमटीत ओढत होती. हौसाबाई रोज बाळाचं नाक ओढते, तसंच.

हौसाबाईला हसू फुटलं. "काय करतंस गो ह्या?"

"माका कोणच लावणा नाय."

हसू तिथेच जिरलं. तिला तिची जानकी आठवली.

धाकट्याच्या वेळी चार वर्षांच्या जानकीला तिने फोंडाघाटला मामाकडे धाडलं होतं, महिन्यासाठी म्हणून. त्या महिन्याची दोन वर्षं झाली. पोर परत आली ती गुणी होऊन. रडणं नाही, हट्ट नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. आज जानकीची मुलगी कॉलेजात जाते, पण जानकी माहेरी आली की अजून स्वयंपाकघराच्या दारात थांबते आणि विचारते, "आई, पाणी घेव?" पोटच्या पोरीने पाहुण्यासारखं विचारावं! हौसाबाई दर वेळी चिडायची. कुणावर, ते तिला आज कळलं. आणि एवढं होऊन ती हाच सल्ला घरोघर वाटत फिरली होती.

दहा वाजून गेले होते. तिने शिवांगीच्या दंडाला धरलं. "चल न्हाणयेत."

"आणि बाळ? पाणी निवता मगे!" तुळसा ओरडली.

"निवांदे. आधी थोरली."

तिने पाटावर बसून शिवांगीला पायांवर पालथी घेतली. पोर कुठली मावतेय, डोकं पावलांपलीकडे लोंबत होतं. हौसाबाईने पाठ रगडली, नाक ओढलं, ऊन पाणी घातलं. शिवांगी इतकी गप्प पडून राहिली की समीक्षा घाबरून दारात आली, आणि लेकीचा चेहरा बघून तिथेच रडायला लागली.

मग बाळ आलं. हौसाबाईने कोमट पाण्याचा तांब्या शिवांगीच्या हातात दिला. "सावकाश ओत. पायांवर."

"दार तरी लाव गो, नजर लागात!" तुळसा म्हणाली.

"भयणीची नजर खंय लागता?" हौसाबाई म्हणाली. "आणि ता पिशयेचा मीच सांगलंय. चुकलंय मी. चेडवाक धाडू नको."

आत्या येऊन ओटीवर टेकली, तेव्हा समीक्षा पिशवीतले फ्रॉक काढून परत फळीवर ठेवत होती.

पुढच्या घरी हंडा कधीचा उकळत असणार. तरी हौसाबाई रस्त्यातच थांबली आणि तिने फोन लावला.

"जानके, रविवारी ये. तेल लावन न्हाऊक घालतंय."



"आई, माजे केस पिकले गो."

"पिकांदेत," हौसाबाई म्हणाली. "आणि पाणी इचारून घेतलंस तर बघ."