जड गिअर आणि मलकापूरचं गिऱ्हाईक

२ नोव्हेंबर. त्या दिवसाचं काम: गाडीचा जड झालेला गिअर मोकळा करणे, तेही अंधार पडायच्या आत.

घाई एवढ्यासाठी, की दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरहून एक गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. गाडी जुनी, पांढरी, दरवाजे कुरकुरणारी. पण चिखलीच्या बाजारात भाजी पोचवण्याइतकी धडधाकट. ती गेली असती तर मी आणि माझी मेथी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, त्यांना सवड होईल तेव्हा निघालो असतो. त्यांना सवड साधारण बाजार उठल्यावर होते.

दसऱ्यानंतर गिअर इतका जड झाला होता की दुसरा टाकताना दोन्ही हात लावावे लागत आणि तेवढा वेळ स्टिअरिंग मोकळं सोडावं लागे. ह्यांनी मेकॅनिकला फोन लावला. त्याने फोनवरच गाडी तपासून गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं. शेजारचे निवृत्त साहेब आले. त्यांनी ताप बघावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला आणि बायकांच्या हाताखाली गिअर लवकर जातो, असं मत दिलं. साहेब स्वतः गाडी चालवत नाहीत. त्यामुळे त्यांच्या हातून आजवर एकही गिअर गेलेला नाही.

"इकून टाकू," हे म्हणाले. "तुले झेपत नाही आता ते गाडी."

शेतातून भाजीचं गाठोडं एकटीने आणलेलं मला झेपतं की नाही, हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

शिलाई मशीन जड चाललं म्हणून कोणी विकायला काढत नाही. आधी खालचा कचरा काढतात. मी इंजीन बंद ठेवून गिअर हलवून पाहिला. तो तेवढाच जड. म्हणजे दोष क्लचचा नव्हता, दांडाच कुठेतरी अडकत होता. दांड्याच्या बुडाशी असलेली रबरी टोपी मी स्क्रू काढून वर सरकवली.

आत दसरा होता. एक नव्हे, इतक्या वर्षांचे सगळे. लोक गाडीच्या पूजेला बॉनेटवर कुंकू लावतात आणि मोकळे होतात. आमच्या ह्यांच्या मते गाडीचा जीव गिअरमध्ये असतो. म्हणून हळदकुंकू, अक्षता, गूळखोबरं सगळं गिअरच्या मुठीवर, आणि वरून नारळाचं पाणी. ते सगळं दांड्यावरून खाली उतरून जुन्या ग्रीसमध्ये मुरलं होतं. त्याचा विटकरी रंगाचा दगड झाला होता. आपट्याची पानं मात्र अजून ओळखू येत होती.

मी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. पहिला खडा बाहेर काढला, तेव्हा हे धावत आले.

"फेकू नको वं, पूजेचं आहे ते."

"मंग देव्हाऱ्यात ठेवा. गिअरमध्ये काऊन भरलं?"

ह्यावर त्यांनी घरातून स्टीलची वाटी आणली. मी खरवडत होते, हे वाटीत घेत होते. डिझेलचा वास येणारं निर्माल्य विहिरीत सोडता येत नाही आणि तुळशीला घालता येत नाही, हे त्यांच्या सावकाश लक्षात आलं. शेवटी वाटी गोठ्याच्या भिंतीवर राहिली.

दांड्याच्या बुडाचा लोखंडी गोळा चकचकीत झाल्यावर ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं, टोपी बसवली. गिअर एका बोटाने पडू लागला. ह्यांनी सीटवर बसून सगळे गिअर टाकून पाहिले, रिव्हर्ससुद्धा, आणि अजून थोडा जडच आहे म्हणाले. शिवाय गिऱ्हाइकाला शब्द दिलेला होता. तो मी दिलेला नव्हता, एवढं मी सांगितलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथीच्या जुड्या मागच्या सीटवर रचल्या, गिऱ्हाइकासाठी पोहे भिजवून ठेवल्याचं ह्यांना सांगितलं आणि गाडी घेऊन चिखलीला निघून गेले.